नववी-दहावीच्या मुलांना बातमी-रील-फॉरवर्डमधला प्रचार ओळखायला कसा शिकवावा? दोन तासिका आहेत

बोरीकाठ (अमळनेर)

नमस्कार मंडळी. गावच्या वाचनालयात नववी-दहावीच्या मुलांसाठी दोन तासिका घ्यायच्या आहेत, प्रत्येकी ५० मिनिटांच्या. मुलं ३५-४०, शिवाय काही पालकही बसणार. प्रोजेक्टर नाही. दोन-तीन मोबाइल आहेत आणि वाचनालयात रोज चार वर्तमानपत्रं येतात.

‘खोटी बातमी कशी ओळखाल’ छापाचे तक्ते पुष्कळ मिळाले, पण त्यांत सगळा भर खोटं पकडण्यावर आहे. माझी अडचण वेगळी आहे. एकही वाक्य खोटं नाही आणि तरी वाचून उठेपर्यंत माणूस एका बाजूला कललेला असतो, असा मजकूर मुलांना उलगडून कसा दाखवायचा? दुसरं म्हणजे निवडणुकीचं वातावरण आहे. एका पक्षाचं उदाहरण घेतलं की निम्मे पालक उठून जातील. साहित्य काय घ्यावं, क्रम कसा ठेवावा आणि कुठे फसतं, हे नेमकं सांगा.

---

तापीतीर (भुसावळ)

तुम्ही नस बरोबर पकडली आहे. प्रचाराचा कच्चा माल बहुतेक वेळा खराच असतो. त्यातलं काय उचललं, काय गाळलं आणि कोणत्या शब्दात बांधलं, यात सगळं काम होऊन जातं.

१९३७ साली न्यूयॉर्कमध्ये ‘इन्स्टिट्यूट फॉर प्रोपगंडा अ‍ॅनालिसिस’ नावाची संस्था निघाली आणि १९४२ मध्ये बंद पडली. तिने प्रचाराच्या सात युक्त्या सांगितल्या, त्या आजही सगळीकडे शिकवल्या जातात. आपल्या भाषेत सांगायच्या तर: शिक्का मारणे, भारदस्त पण पोकळ शब्द वापरणे, थोरामोठ्यांची पुण्याई उसनी घेणे, नामवंताची साक्ष काढणे, ‘मी तुमच्यातलाच’ म्हणणे, सोयीचे तेवढेच पत्ते मांडणे आणि ‘सगळे निघाले, तूच मागे का’ म्हणणे. कृपा करून ही यादी पाठ करून घेऊ नका. मुलं सातही नावं घडाघडा म्हणतील आणि संध्याकाळी पहिल्याच रीलला फसतील. पहिल्या तासिकेत फक्त शब्द आणि वाक्याची घडण घ्या. त्याला मोबाइलसुद्धा लागत नाही.

फळ्यावर तीन मथळे लिहा:

‘पोलिसांनी शेतकऱ्यांवर लाठीमार केला.’
‘शेतकऱ्यांवर लाठीमार झाला.’
‘दगडफेकीमुळे पोलिसांना सौम्य लाठीमार करावा लागला.’

घटना एकच आणि तिन्ही मथळे खरे असू शकतात. पहिल्यात करणारा समोर उभा आहे. दुसऱ्यात तो गायब झाला, जणू पाऊस पडावा तसा लाठीमार ‘झाला’. तिसऱ्यात करणारा परत आला, पण ‘करावा लागला’ने त्याच्यावरची जबाबदारी उतरवली आणि ‘सौम्य’ने मारच हलका केला. मुलांना एवढंच विचारा: कर्ता कुठे आहे? व्याकरणाच्या तासाला कर्तरी-कर्मणी रटाळ वाटतं, इथे त्याच मुलांचे डोळे चमकतील. मग वर्तमानपत्रं वाटा. पाच-पाच मुलांचे गट करा, प्रत्येक गटाला एक पान आणि तीन रंगांच्या पेन्सिली द्या. विशेषणं लाल, आकडे हिरवे आणि ‘हे कोण म्हणालं’ त्याचं उत्तर निळं. वेळ १२ मिनिटं. ज्या बातमीत लाल भरपूर आणि निळं जवळजवळ नाही, ती बाजूला काढायची. ‘समजते’, ‘कळते’, ‘बोलले जात आहे’, ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ यांना निळा रंग द्यायचा नाही, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर सगळं पान निळं होतं. प्रश्नचिन्हाचा मथळा असेल (‘अमुक पक्ष सोडणार?’) तर प्रश्नचिन्ह पुसून वाचायला सांगा. विधान म्हणून छापायची ज्याची हिंमत झाली नाही तेच बहुधा तिथे असतं.

पक्षाच्या अडचणीवरही उदाहरण देतो. २०१७ ची शेतकरी कर्जाची योजना ‘छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना’ या नावाने आली. २०१९ च्या अखेरीस दुसऱ्या सरकारने आणली ती ‘महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना’. गावात दोन्हींना लोक ‘कर्जमाफी’च म्हणतात. आता तिन्ही शब्द शेजारी ठेवा. ‘माफी’ म्हटलं की शेतकऱ्याचा काही गुन्हा होता आणि कुणीतरी मोठ्या मनाने पोटात घातला. ‘मुक्ती’ म्हटलं की तो बेडीत होता. ‘सन्मान’ म्हटलं की कर्ज हा विषयच उरला नाही. शिवाय दोन्ही नावांना थोर पुरुषाचं नाव जोडलेलं आहे, म्हणजे योजनेतल्या अटींवर बोट ठेवणाऱ्याला आधी त्या नावाशी सामना करावा लागतो. दोन विरोधी सरकारांनी एकच युक्ती वापरली, त्यामुळे कोणत्याही बाजूचा पालक चिडत नाही.

---

केळीबाग (रावेर)

तापीतीर यांनी शब्दांचं सांगितलं, मी एक फॉरवर्ड उघडून दाखवतो. आपल्या भागात या प्रकारचे संदेश नेहमी फिरतात, म्हणून वर्गासाठी नमुना तयार केला आहे:

‘सावधान!! केळी खाणाऱ्यांनी हा व्हिडिओ बघाच. बघा कसं विषारी केमिकलमध्ये बुडवतात. टीव्हीवाले हे कधीच दाखवणार नाहीत. डॉक्टर मित्राने पाठवलंय. आपल्या लेकरांसाठी जास्तीत जास्त ग्रुपवर टाका.’

व्हिडिओत काय दिसतं? केळीच्या फण्या पाण्याच्या टाकीत सोडतात आणि बाहेर काढतात. हे पॅकहाउसमधलं रोजचं काम आहे. फणी कापली की चीक निघतो, तो सालीवर वाळला की काळे डाग पडतात आणि माल मागे येतो. म्हणून तुरटीच्या पाण्यात फण्या धुतात. चित्र शंभर टक्के खरं आहे, खोटी आहे ती त्याखालची ओळ. मुलांना व्हिडिओ आधी आवाज बंद करून, ओळ झाकून दाखवा आणि ‘काय दिसलं ते एका वाक्यात लिहा’ म्हणा. ‘माणूस केळी पाण्यात बुडवतोय’ एवढंच लिहितील. मग ओळ उघडा. ‘विषारी’ हा शब्द कुठून आला ते त्यांना आपोआप दिसतं.

आता बाकीच्या ओळी. ‘टीव्हीवाले दाखवणार नाहीत’ ही आगाऊ तटबंदी आहे. उद्या कुणी खुलासा छापला तरी तो ‘त्यांच्यातलाच’ ठरतो. ‘डॉक्टर मित्र’ ही बिननावाची साक्ष आहे: कोणता डॉक्टर, कुठला, कशाचा? ‘लेकरांसाठी’ आलं की थांबून विचार करणारा माणूस निष्काळजी आईबाप ठरतो. शेवटी ‘ग्रुपवर टाका’. संदेशाला तुमच्याकडून हवं होतं ते एवढंच.

पण इथे थांबू नका, नाहीतर मुलं ‘म्हणजे केळीत काहीच वाईट नसतं’ असं समजतील आणि तोही प्रचारच होईल. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे आणि तरी चोरून वापर होतो. इथिलीन वायूला परवानगी आहे, पिकवण केंद्राच्या खोलीत हवेत १०० पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत शंभर. खऱ्या भीतीच्या आधाराशिवाय खोटा संदेश तग धरत नाही. इथे कार्बाइडची खरी भीती तुरटीच्या टाकीवर नेऊन चिकटवली आहे. आणि याची किंमत कोण मोजतं ते मुलांना सांगा. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो’ या अफवेने राज्यभर कोंबडीचे भाव कोसळले. पोल्ट्रीवाल्यांनी पक्षी मातीमोल भावात काढले.

---

आकडेवाला (शिरपूर)

आकड्यांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आलेखाचा प्रयोग मुलांच्या हातून करून घ्या, नुसता दाखवू नका.

लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२३-२४ ला क्विंटलला ७,०२० रुपये होता, २०२४-२५ ला ७,५२१. वाढ ५०१ रुपये, म्हणजे साधारण ७ टक्के. अर्ध्या वर्गाला सांगा, तळरेषा शून्यावर धरा आणि १ सेंटिमीटरला १,००० रुपये घ्या. दोन खांब ७ आणि साडेसात सेंटिमीटरचे येतात, फरक डोळ्याला जेमतेम जाणवतो. उरलेल्या अर्ध्या वर्गाला सांगा, तळरेषा ६,५०० वर धरा आणि १ सेंटिमीटरला १०० रुपये घ्या. आता खांब ५.२ आणि १०.२ सेंटिमीटरचे. भाव जणू दुप्पट झाला! दोन्ही कागद शेजारी भिंतीला लावा. आकडे तेच, गणित अचूक, खोटं कुणीच बोललं नाही.

दुसरी खोच सुरुवातीच्या वर्षाची. २०२२ च्या सुरुवातीला खुल्या बाजारात कापूस १० हजारांच्या वर गेला होता. ज्याला घसरण दाखवायची तो तिथून मोजतो. ज्याला प्रगती दाखवायची तो २०२०-२१ चा हमीभाव ५,८२५ धरून मोजतो. शिवाय एक जण बाजारभाव घेतो आणि दुसरा हमीभाव, ही अदलाबदल तर कुणाच्या लक्षातही येत नाही. आलेख दिसला की आधी बोट ठेवायचं ते डाव्या कोपऱ्यात खाली: कुठून सुरू, कशापासून.

सभेच्या गर्दीचंही एक गणित आहे, मुलांना फार आवडतं. अमेरिकेत बर्कलीला पत्रकारिता शिकवणाऱ्या हर्बर्ट जेकब्स यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत मांडली: मैदानाचं क्षेत्रफळ गुणिले दाटी. सैल गर्दीत चौरस मीटरला एक माणूस, खच्चून भरली तर चार. खुर्च्या मांडल्या असतील तर दोन धरा. मोबाइलच्या नकाशात मैदानाची लांबी-रुंदी मोजता येते. १०० बाय ६० मीटरचं मैदान म्हणजे ६,००० चौरस मीटर. खुर्च्यांवर १२ हजार, उभी खच्चून गर्दी २४ हजार. त्या मैदानावर ‘लाखाचा जनसागर’ मावतच नाही, पक्ष कोणताही असो. नेहमी चुकतं ते असं की मुलं मंच, बॅरिकेड आणि गाड्यांची जागाही मोजतात. ती वजा करायला लावा.

---

सातपुडा पायथा (शहादा)

वरचं सगळं चांगलं आहे, पण माझं मत थोडं वेगळं. वर्गात शब्द आणि आलेख शांतपणे तपासता येतात. प्रत्यक्षात संदेश येतो तेव्हा माणूस शांत नसतो. म्हणून ‘थांबणं’ हीच पहिली सवय शिकवा, तपासणी नंतर.

आपल्या खान्देशात हे सांगायला दुसरं उदाहरण शोधावं लागत नाही. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, आठवडी बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरते, असे संदेश त्या दिवसांत मोबाइलवर सुरू होते. त्याच काळात देशभर फिरलेल्या एका व्हिडिओत मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरून मूल उचलून नेतात. मूळ चित्रफीत कराचीतली, मुलांच्या सुरक्षेबद्दल जागृती करणारी. मूळ फितीच्या शेवटी ते मूल परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. तो शेवट कापून टाकला होता. एवढीच कात्री. पालकांसमोर हे सांगा, पण गावाला किंवा जमातीला दोष देणारं एकही वाक्य नको. तसं झालं तर तुम्हीच शिक्का मारलात.

त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपने जे बदल केले ते ओळखीसाठी उपयोगी आहेत. पुढे ढकललेल्या संदेशावर ‘फॉरवर्डेड’ आणि एक बाण दिसतो. पाच किंवा त्याहून जास्त हात फिरून आलेल्यावर दोन बाण. असा दुहेरी बाणाचा संदेश एप्रिल २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. पण बाण नाही म्हणजे संदेश घरचा, असं समजू नका. मजकूर कॉपी करून चिकटवला किंवा व्हिडिओ गॅलरीत उतरवून नव्याने पाठवला की खूण पुसली जाते.

व्हिडिओ शोधायची रीत: तीन ठिकाणी थांबवून स्क्रीनशॉट घ्या. एक सुरुवातीचा, एक जिथे पाटी किंवा गाडीचा नंबर दिसतो तिथला, एक शेवटचा. त्यावरची पट्टी, लोगो, इमोजी कापून टाका, नाहीतर गूगल लेन्स (चित्रावरून शोध घेणारं अ‍ॅप) त्या पट्टीलाच शोधत बसतं. काही सापडलं नाही तर चित्र आडवं उलटवून परत शोधा, कारण शोध चुकवण्यासाठी व्हिडिओ आरशासारखा फिरवून टाकतात. गाडीचं स्टिअरिंग डावीकडे दिसलं तर एक तर तो परदेशातला आहे, नाहीतर उलटवलेला. ‘धुळ्यातली घटना’ म्हणत असतील तर गाड्यांवर एमएच १८ दिसतंय का बघा (जळगाव १९, नंदुरबार ३९). दुकानांच्या पाट्यांची लिपी, एसटीचा रंग, लोकांच्या अंगावरचे स्वेटर आणि आजची तारीख जुळते का, हेही.

अहिराणी किंवा लेवा बोलीतल्या आवाजाच्या फितींकडे वेगळं लक्ष द्या. ‘भाऊ, हाई खरं शे’ असं कानावर पडलं की शहरी मराठीतल्या बातमीपेक्षा लगेच विश्वास बसतो. ‘मी तुमच्यातलाच’ ही युक्ती आपल्याकडे बोलीतून येते. आवाजाला नाव-गाव-तारीख नसेल तर तो आवाज कितीही घरचा वाटला तरी निनावीच. आता संगणकाने आवाजाची नक्कलही होते. ओठ हलतात का, डोळे मिचकतात का, असल्या खुणांवर भिस्त ठेवू नका, त्या वर्ष-सहा महिन्यांत निकामी होतात. त्या माणसाचं ते पूर्ण भाषण त्याच दिवशी दुसऱ्या कुणी दाखवलंय का, हे शोधणं जास्त टिकाऊ.

---

बोरीकाठ (अमळनेर)

खूप आभार. गर्दीचं गणित आणि तीन मथळे नक्की घेतो. दोन शंका राहिल्या. पैसे देऊन छापलेली किंवा पसरवलेली गोष्ट मुलांना ओळखता येईल का? आणि दुसऱ्या तासिकेत नेमकं काय करू?

---

छापखाना गल्ली (जळगाव)

पैशाच्या बाबतीत चार जागा बघा.

पत्रक, पोस्टर: निवडणुकीच्या काळात त्यावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता असलाच पाहिजे, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७-अ. नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बिननावाचं पत्रक सापडलं तर मजकूर वाचण्याआधी तेवढं एक लक्षात घ्या.

वर्तमानपत्र: वाचनालयात चार पेपर येतात, हे तुमचं मोठं बळ. एकाच उमेदवाराची बातमी दोन पेपरांत शब्दन् शब्द सारखी, फोटोही तोच आणि शेवटी नुसतं ‘प्रतिनिधी’, तर ती बातमीदाराने लिहिलेली नाही. ती प्रसिद्धीपत्रक तरी असेल, नाहीतर पैसे मोजून छापलेली. दोन्हीत फरक आहे, म्हणून मुलांना लगेच ‘विकलेली’ म्हणू देऊ नका. भारतीय प्रेस परिषदेने २०१० मध्ये पेड न्यूजवर अहवाल काढला होता. आता निवडणुकीत जिल्हा पातळीवर माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समिती असते, तिच्याकडे कात्रणासह तक्रार करता येते. कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘जाहिरात’ छापलंय का तेही बघा, बऱ्याचदा टाइपही बातमीपेक्षा किंचित निराळा असतो.

फेसबुक: मेटाची जाहिरात लायब्ररी सगळ्यांना खुली आहे, खातं लागत नाही. देश भारत, प्रकार राजकीय, मग पेजचं नाव टाका. जाहिरातीचा खर्च किती ते किती, कोणत्या राज्यात किती दाखवली, पैसे कुणी भरले, सगळं येतं. नाव भरणाऱ्यानेच दिलेलं असतं, म्हणून ते शेवटचं सत्य मानू नका.

पेजचा इतिहास: पेजच्या माहितीत ‘पेज ट्रान्स्परन्सी’ असते. पेज कधी सुरू झालं आणि आधी नाव काय होतं ते तिथे दिसतं. ‘खान्देशचा आवाज’ छापाचं पेज दोन वर्षांपूर्वी शायरीचं किंवा पाककृतींचं होतं असं दिसलं, तर पसंती देणारे लोक तयार मिळवून त्यांच्यापुढे दुसराच माल मांडलाय.

---

तापीतीर (भुसावळ)

दुसरी तासिका: मुलांकडून प्रचार तयार करून घ्या. विल्यम मॅग्वायर या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात मांडलेली कल्पना आहे, लसीसारखी: युक्तीची सौम्य मात्रा आधी मिळाली की खरी आली तेव्हा मन तोंड देतं. विषय मात्र निरुपद्रवी हवा. माझी सूचना: ‘पऱ्हाटीच्या (कापसाच्या झाडांच्या) काड्यांवर भाजलेलं भरीत की गॅसवरचं?’

चार गट. दोन गॅसच्या बाजूचे, दोन काड्यांच्या. प्रत्येकाने १५ मिनिटांत एक पोस्टर आणि एक फॉरवर्ड करायचा. अट एकच, खोटं वाक्य चालणार नाही. ही अट महत्त्वाची आहे. खोटं बोलायची मुभा दिली की मुलं ‘गॅसने कॅन्सर होतो’ लिहून मोकळी होतात आणि शिकत काहीच नाहीत. खरंच बोलायचं म्हटलं की निवड करावी लागते. काड्यांचा गट धुराचा खमंगपणा सांगेल आणि डोळ्यांत जाणारा धूर गाळेल. गॅसवाले वेळ वाचतो म्हणतील आणि सिलिंडरचा भाव लपवतील. मग कागद अदलाबदल करा. समोरच्याने गाळलेल्या तीन गोष्टी शोधायला १० मिनिटं. जेवढं शिकणं आहे ते या १० मिनिटांत होतं, म्हणून पोस्टर रंगवण्यात वेळ जाऊ देऊ नका. उरलेल्या वेळात एखादी खरी बातमी घ्या, पक्षांची नावं पुसून ‘अ’ आणि ‘ब’ करा. मुलांनी मत लिहिलं की नावं अदलाबदल करून परत वाचा. ज्याचं मत नावाबरोबर बदललं त्याला उभं करू नका, चारचौघांत लाजवलं की पुढच्या वेळी तो खरं लिहिणार नाही.

एक धोका सांगून ठेवतो. असे वर्ग झाले की काही मुलं ‘सगळेच खोटं बोलतात, कशावरच विश्वास नको’ म्हणू लागतात. प्रचार करणाऱ्याला हे फार सोयीचं असतं, कारण मग त्याच्याविरुद्धचा खरा पुरावाही ‘बनावट’ म्हणून झटकता येतो. म्हणून प्रत्येक सत्रात एक तरी चांगली बातमी ठेवा: नाव घेऊन सांगणारे स्रोत, दुसऱ्या बाजूचं म्हणणं, आकड्याचं मूळ आणि जमल्यास दुसऱ्या दिवशी छापलेली चूकदुरुस्ती. ‘ही का पटते?’ याचंही उत्तर मुलांना देता आलं पाहिजे.

---

सातपुडा पायथा (शहादा)

पालक बसणार आहेत म्हणून एक जोडतो. मुलं घरी जाऊन आजोबांना सगळ्यांसमोर ग्रुपवर ‘हे फेक आहे’ असं लिहितील आणि भांडण होईल. त्यांना आधीच वाक्य देऊन ठेवा. ग्रुपवर काही लिहायचं नाही, जवळ जाऊन किंवा फोन करून म्हणायचं: ‘आबा, तुम्ही पाठवलेला व्हिडिओ बघितला. मला त्याचं मूळ सापडलंय, दाखवू का?’ मूळ व्हिडिओ हातात असेल तरच बोलायचं, नुसती शंका घेऊन जायचं नाही. आणि आबांनी तो संदेश स्वतःहून काढला तर ग्रुपवर त्याची चर्चा करायची नाही. दोन-अडीच दिवस उलटले असतील तर ‘सर्वांसाठी हटवा’ चालत नाही, तेव्हा आबांनाच खाली एक ओळ लिहायला सांगा: ‘वरचा व्हिडिओ इथला नाही, पुढे पाठवू नका.’ त्यांच्या नावाने आलेली दुरुस्ती बाकीचे ऐकतात.